सहा जणांचा फेरा

"व्हॉलीबॉल हा खेळ कुठल्या देशाचा?" असा प्रश्न मी सातवीच्या वर्गाला विचारायची, तेव्हा उत्तरं ठरलेली असायची. कुणी रशिया म्हणायचं, कुणी जपान. एकदा एका मुलाने "मिलिटरीचा!" असं ठणकावून सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. त्याच्या गावी सुट्टीवर आलेले फौजीच संध्याकाळी चावडीसमोर जाळी बांधून हा खेळ खेळत असत. त्याच्यापुरतं त्याचं उत्तर बरोबर होतं.

मी इचलकरंजीत पस्तीस वर्षं शिकवलं. विषय मराठी आणि इतिहास. पण मराठी शाळांतल्या शिक्षकांना ठाऊक आहेच, की शाळेत क्रीडाशिक्षक एक आणि तुकड्या पंधरा असं गणित असतं. त्यामुळे पाचवी ते सातवीचे पी.टी.चे तास ज्याच्या त्याच्या अंगावर वाटून दिलेले असत. माझ्याकडे ते आले आणि शेवटपर्यंत राहिले. उन्हाळी सुट्टीतलं एक प्रशिक्षण सोडलं तर त्या विषयातलं माझ्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. समोर एखादी गोष्ट आली की ती कुठून आली, कुणी आणली, आधी कशी होती हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. व्हॉलीबॉलच्या बाबतीत तसंच झालं. म्हणून आज खेळाचा इतिहास थोडा आणि शाळेतले अनुभव थोडे, असं लिहिते आहे. लेख लांबला तर सांभाळून घ्या.

तर हा खेळ ना रशियाचा, ना जपानचा. तो अमेरिकेतला, आणि तोही एका गिरणगावातला. मॅसॅच्युसेट्स राज्यात कनेक्टिकट नदीच्या काठी होल्योक नावाचं गाव आहे. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कागदाच्या आणि कापडाच्या गिरण्या हीच त्याची ओळख. तिथल्या वाय.एम.सी.ए. मध्ये विल्यम मॉर्गन नावाचा पंचविशीतला व्यायामशिक्षक होता. तिथून दहाएक मैलांवर स्प्रिंगफील्ड आहे. तिथे १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला होता. हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी, त्यांना गुंतवायचं कसं या विवंचनेतून तो खेळ निघाला. पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि खेळ सुरू. प्रत्येक बाजूला नऊ जण, कारण वर्गात होतेच अठरा! मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. वर्गात जितकी मुलं आहेत तितक्यांचा खेळ करायचा, हा खरा शिक्षकाचा हिशेब.

मॉर्गनपुढे वेगळाच वर्ग होता. त्याच्याकडे येणारे लोक व्यापारी, कारकून, दुकानदार असे पोटं सुटलेले, मध्यमवयीन गृहस्थ. बास्केटबॉलची धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना झेपेना. मग १८९५ साली त्याने टेनिसची जाळी घेतली, ती माणसाच्या डोक्याच्या जरा वर, म्हणजे ६ फूट ६ इंचांवर बांधली, आणि तिच्यावरून चेंडू हातांनी टोलवायचा असा खेळ बसवला. नाव ठेवलं 'मिंटोनेट'. चेंडूचीही पंचाईत झाली. बास्केटबॉल जड पडे, त्यातला नुसता ब्लॅडर घेतला तर तो फारच हलका. शेवटी स्पाल्डिंग कंपनीकडून मुद्दाम वेगळा चेंडू करवून घेतला. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, स्प्रिंगफील्डला व्यायामशिक्षकांच्या परिषदेत पाच-पाच जणांचे दोन संघ करून खेळ दाखवला. एका संघाचा कप्तान होल्योकचा महापौर आणि दुसऱ्याचा तिथल्या अग्निशमन दलाचा प्रमुख! ते पाहून हॅल्स्टेड नावाचे एक प्राध्यापक म्हणाले, की चेंडू जमिनीवर न टेकता हवेतल्या हवेत इकडून तिकडे टोलवला जातोय, यालाच टेनिसमध्ये 'व्हॉली' म्हणतात, तर नाव 'व्हॉली बॉल' का नको? तेच नाव चिकटलं.

गंमत म्हणजे मॉर्गनच्या मूळ नियमांत एका बाजूला किती खेळाडू असावेत याला बंधन नव्हतं. चेंडू पलीकडे धाडण्यापूर्वी आपल्या बाजूला किती वेळा टोलवायचा यालाही नव्हतं. येतील तेवढे सगळे आत, आणि हात लागतील तितके लागू देत. म्हणजे जन्माच्या वेळी हा खेळ अगदी बिनभिंतीचा होता.

त्याच १८९५ साली अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्समध्ये क्लॅरा बेअर नावाच्या शिक्षिकेने मुलींच्या न्यूकोम्ब कॉलेजात एक खेळ सुरू केला. मध्ये दोरी बांधायची आणि चेंडू तिच्यावरून असा फेकायचा, की पलीकडच्यांना तो झेलता येऊ नये आणि जमिनीवर पडावा. कॉलेजच्या नावावरून त्याला 'न्यूकोम्ब' म्हणू लागले. आपल्याकडे मुली थ्रोबॉल खेळतात तो डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा खेळ कसा असेल ते कळेल. मॉर्गनचं नाव सगळ्या पुस्तकांत असतं, बेअरबाईंचं शोधावं लागतं. याबद्दल मी काही बोलत नाही, वाचकांनी समजून घ्यावं. :-)

पुढच्या पंचवीस वर्षांत व्हॉलीबॉलला नियमांच्या भिंती आल्या. १९१२ च्या नियमदुरुस्तीत सर्व्हिस करण्यापूर्वी खेळाडूंनी जागा बदलायच्या, म्हणजे रोटेशन, हे आलं. १९१६ मध्ये डाव पंधरा गुणांचा झाला. १९१८ मध्ये एका बाजूला सहा खेळाडू हे ठरलं आणि १९२० मध्ये तीन टोल्यांत चेंडू पलीकडे गेलाच पाहिजे हे ठरलं. चेंडू जाळीपाशी उंच चढवून दुसऱ्याने तो दाणकन खाली मारायचा, ही स्मॅशची युक्ती त्याच सुमारास फिलिपीन्समध्ये तयार झाली असं मानलं जातं. तिथे १९१० पासून एलवूड ब्राऊन हे वाय.एम.सी.ए.चे संचालक काम करत होते आणि शाळाशाळांतून हा खेळ शिकवला जात होता. १९१३ ला मनिला इथे भरलेल्या पहिल्या 'फार ईस्टर्न' स्पर्धांत व्हॉलीबॉल होता. म्हणजे ऑलिंपिकच्या पन्नासएक वर्षं आधी आशियाई देश एकमेकांशी हा खेळ खेळत होते.

या सगळ्या नियमांत मला सगळ्यात शहाणा वाटतो तो रोटेशनचा. आपल्या संघाला सर्व्हिस परत मिळाली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक एक घर पुढे सरकायचं. जो काल मागे उजव्या कोपऱ्यात होता तो सर्व्हिस करून हळूहळू मागच्या रांगेतून फिरत पुढे जाळीपाशी येतो. जाळीपाशी ऐट मारणारा मागे जातो. उंच असो, बुटका असो, कप्तान असो, सगळ्यांना सहाही घरं फिरून यावं लागतं. दुसरा नियम, की एकाने लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावायचा नाही. म्हणजे कितीही पट्टीचा खेळाडू असला तरी चेंडू त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवावाच लागतो. क्रिकेटमध्ये एखादा दिवसभर फलंदाजी करू शकतो, फुटबॉलमध्ये एखादा चौघांना चकवून एकटा गोल करू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरूनच ठेवता येत नाही.

हे वरवर पाहता नियमांचं पुस्तक वाटेल. पण बासष्ट मुलांचा वर्ग घेऊन ज्याने पस्तीस मिनिटांचा तास घेतला आहे, त्याला या दोन नियमांची किंमत विचारा.

त्याआधी आपल्याकडे हा खेळ कसा आला ते थोडक्यात सांगते. इथेही वाय.एम.सी.ए.च. हॅरी क्रो बक नावाचे अमेरिकन गृहस्थ मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी तिथे शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळा-कॉलेजांत गेले आणि त्यांच्याबरोबर जाळी आणि चेंडूही गेला. १९३६ मध्ये लाहोरला पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला. १९५८ च्या आशियाई स्पर्धांत आपल्या पुरुषांना कांस्य, १९६२ मध्ये जकार्ताला रौप्य आणि १९८६ मध्ये सोलला पुन्हा कांस्यपदक मिळालं. सोलच्या त्या संघातला केरळचा जिमी जॉर्ज इटलीत जाऊन व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९८७ मध्ये तिथेच मोटार अपघातात गेला. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती.

महाराष्ट्रात मात्र त्या काळात वेगळाच वाद रंगात होता. देशी खेळ की विदेशी खेळ? अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होतं, पुण्यात डेक्कन जिमखाना आणि महाराष्ट्रीय मंडळ होतं. खो-खो आणि हुतूतूचे नियम आपल्या लोकांनी बसून लिहिले, छापले. बडोद्याला मुजुमदारांनी व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश काढला. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली, तिथे लेझीम, मल्लखांब आणि पाश्चात्त्य खेळ हे दोन्ही शिकवले जात. देशी खेळांच्या बाजूने मुख्य मुद्दा पैशाचा होता, आणि तो खरा होता. खो-खोला दोन खांब लागतात, लंगडीला तेही नाहीत. चेंडूच्या खेळाला चेंडू लागतो, जाळी लागते, हवा भरायचा पंप लागतो. आणि चेंडू एकच असला की लगेच प्रश्न येतो, तो कुणाच्या हातात?

या प्रश्नाशी माझी पस्तीस वर्षं गाठ होती.

आमच्या शाळेत व्हॉलीबॉल दोन. एक चांगला, तो कपाटात, शाळेच्या संघासाठी. दुसरा जुना, अठरा तुकडे शिवलेला, त्यातले दोन-तीन उसवलेले, ब्लॅडरला सायकलच्या दुकानात लावलेली ठिगळं. तो पी.टी.च्या तासाला. आपले खेळाचे चेंडू बहुतेक जालंधर नाहीतर मीरतहून येतात. फाळणीपूर्वी हा धंदा सियालकोटला होता. तिथून निर्वासित होऊन आलेल्या कारागिरांनी या दोन गावांत तो पुन्हा उभा केला. उसवलेला चेंडू शिवता शिवता मी मुलांना फाळणी शिकवली आहे, आणि पुस्तकातल्या धड्यापेक्षा ती त्यांच्या जास्त लक्षात राहिली.

तर एक चेंडू आणि बासष्ट मुलं. चेंडू मैदानावर टाकला की काय होतं ते सांगायला नको. चार दांडगी मुलं तो बळकावतात, दहा-बारा त्यांच्यामागे धावतात, बाकीची कडेला चिंचेखाली बसतात. मुली तर बहुतेक चिंचेखालीच. तास संपल्यावर हजेरीपुस्तकात सगळ्यांचा तास झालेला असतो!

माझी पद्धत हळूहळू बसत गेली. पाचवीला व्हॉलीबॉल शिकवायचाच नाही. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधायची. आमचं गाव यंत्रमागांचं, तेव्हा सुताच्या दोरीला तोटा नाही. तिच्यावर रंगीत चिंध्या लटकवायच्या म्हणजे ती दिसते. मग फक्की मारून दोरीच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोन आखायचे आणि प्रत्येक चौकोनात चार मुलं. चेंडू म्हणजे घरून आणलेले रबरी, प्लॅस्टिकचे, जे असतील ते. आधी नुसतं झेलायचं आणि दोरीवरून फेकायचं. (बेअरबाईंचा खेळ! तेव्हा मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.) महिन्याभराने झेलायचं पण धरायचं नाही, लगेच शेजाऱ्याला द्यायचं. मग दोन्ही मनगटं जोडून खालून उडवायचं. सहावीत बोटांनी वरच्यावर उचलून देणं. खालून सर्व्हिस. सातवीत कुठे सहा जण, पूर्ण मैदान आणि फेरा. पुढे वाचलं, की पूर्व जर्मनीसारख्या देशांनी हेच 'मिनी व्हॉलीबॉल' म्हणून पद्धतशीर बसवलं होतं आणि १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचा प्रसार केला. गरज सगळीकडे सारखी, म्हणून उपायही सारखा निघाला असेल.

सातवीच्या मुलांना फेरा समजावणं हा एक कार्यक्रमच असायचा. मी जमिनीवर फक्कीने सहा आकडे लिहायची आणि प्रत्येकाला आपल्या आकड्यावर उभं करायची. शिट्टी वाजली की सरकायचं. पहिले दोन तास नुसती टक्कर व्हायची, मग अंगवळणी पडायचं. आणि मग खरी गंमत सुरू व्हायची, कारण आता सर्व्हिसला नको ती मुलं यायला लागायची.

एक मुलगी आठवते. अंगाने बारीक, वर्गात तोंडातून शब्द नाही. घरी कांड्या भरायचं काम, त्यामुळे केसांत कायम कापसाचे तंतू. तिचा सर्व्हिसचा नंबर आला की तिची कप्तान पुढे यायची आणि म्हणायची, "दे इकडं, मी मारते. तुझी जाळीत जाती." आणि ती मुकाट्याने चेंडू द्यायची. मी "असं करू नये, सगळ्यांना संधी द्यावी" वगैरे उपदेश केला असता तर कप्तानाने मान हलवली असती आणि पुढच्या वेळी तेच केलं असतं. मी एवढंच म्हटलं, "चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केली की सर्व्हिस जाते आणि गुणही कापला जातो. नियम आहे." बस्स. पुढच्या वेळेला कप्तानच ओरडली, "अगं तूच मार, नायतर आपली सर्व्हिस जाईल!" तिची सर्व्हिस जाळीत गेली. त्याच्या पुढची पण गेली. मग मधल्या सुट्टीत दोघी-तिघी तिला घेऊन सराव करायला लागल्या. दयाबुद्धीने नव्हे हो, संघाचे गुण जात होते म्हणून! दिवाळीनंतर तिची सर्व्हिस जाळीपलीकडे पडायला लागली.

उपदेशाने होत नाही ते कधी कधी एका नीट केलेल्या नियमाने होतं, हे मी नागरिकशास्त्रात शिकवत होते. त्याचा पुरावा तिथे मैदानावर मिळाला.

आणखी एक गोष्ट सांगते, जी शिक्षक एकमेकांत बोलतात पण लिहीत नाहीत. वर्गात कोण कुठल्या वस्तीतलं, कुणाचं कुणाशी जमतं, कुणाच्या डब्याला कोण हात लावत नाही, हे कळायला शिक्षकाला महिने लागतात. व्हॉलीबॉलच्या तासाला ते पंधरा मिनिटांत कळतं. पास कुणाकडे जातो ते पाहायचं. चेंडू बरोबर मध्ये आलेला असताना एखादी डावीकडच्या जवळच्या मुलीला न देता मुद्दाम वळून उजवीकडे देते, ते का, हे हळूहळू उमगत जातं. यावर मी वर्गात कधी भाषण दिलं नाही. दर तासाला सहा-सहाचे गट नव्याने पाडायचे, हजेरीच्या क्रमाने नव्हे, चिठ्ठ्या टाकून. पहिला टोला ज्याचा त्याचा, पण दुसरा ज्या घरातल्या मुलीने द्यायचा ते घर ठरलेलं, आणि फेऱ्यामुळे त्या घरात प्रत्येक जण येणारच. मग पास नाइलाजाने का होईना तिच्याकडे जाई. हात हाताला लागतच नाहीत, मध्ये चेंडू असतो, म्हणून सुरुवात सोपी जात असावी. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण डबे थोडे जवळ सरकले हे मी पाहिलं आहे.

मुलींसाठी हा खेळ सोयीचा ठरला त्याचं कारणही जाळीच. दोन्ही संघ आपापल्या अंगणात. धक्काबुक्की नाही, पकडापकडी नाही. सत्तरच्या दशकात "पोरी मैदानात पडतात, कपडे फाटतात" म्हणणारे आईबाप कबड्डीला नाही म्हणायचे, व्हॉलीबॉलला नाइलाजाने हो म्हणायचे. अमेरिकेतही असंच काहीसं झालेलं दिसतं. बास्केटबॉल मुलींना फार दांडगाईचा म्हणून १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि मुलींना आपला भाग ओलांडायला मनाई केली. व्हॉलीबॉलमध्ये हे कुंपण आधीपासूनच होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झाला तो पुरुष आणि महिला दोन्हींसाठी एकदमच. ऑलिंपिकमध्ये बायकांना मिळालेला हा पहिला सांघिक चेंडूचा खेळ. बास्केटबॉल आणि हँडबॉल त्यांना १९७६ मध्ये मिळाले, हॉकी १९८० मध्ये.

टोकियोची गोष्ट मी दरवर्षी सातवीला सांगायची. जपानच्या त्या महिला संघातल्या बहुतेक जणी ओसाकाजवळच्या काईझुका गावातल्या एका कापड गिरणीत काम करणाऱ्या. दिवसा गिरणीत काम आणि दुपारनंतर सराव, तो मध्यरात्रीपर्यंत. प्रशिक्षक दाईमात्सु इतके कडक, की त्यांना लोक 'राक्षस' म्हणत. चेंडूखाली झेप घेऊन पडायचं, पडता पडता चेंडू उचलायचा आणि कोलांटी घेऊन लगेच उभं राहायचं, ही त्यांची खासियत. जपानमध्ये तेव्हा मुख्यतः नऊ जणांचा व्हॉलीबॉल चाले, त्यात फेरा नव्हता, ज्याची जागा त्याचीच. बाहेरच्या जगाशी खेळायचं तर सहा जणांचा खेळ शिकायला हवा, म्हणून या मुलींनी सवयीचा खेळ सोडून नवा शिकला. १९६२ मध्ये मॉस्कोत जाऊन रशियनांना हरवलं आणि जगज्जेत्या झाल्या. १९६४ च्या २३ ऑक्टोबरला टोकियोत पुन्हा रशियनांनाच हरवून सुवर्णपदक घेतलं. तो सामना जपानमध्ये इतक्या लोकांनी टीव्हीवर पाहिला, की पाहणाऱ्यांचं प्रमाण ६६.८ टक्के नोंदलं गेलं.

आमच्या मुलींना यातलं सुवर्णपदक फारसं लक्षात राहत नसे. "बाई, त्या खरंच गिरणीत काम करायच्या?" हाच प्रश्न. ज्यांच्या घरात दिवसरात्र माग खडखडत असतात, ज्यांची आई कांड्या भरते आणि वडील रात्रपाळी करतात, त्या मुलींना हा प्रश्न पडणारच. मी त्यांना तो 'राक्षस' मात्र आदर्श म्हणून कधी सांगितला नाही. जखमा घेऊन खेळायला लावणं, रात्री-रात्री सराव, याचं कौतुक मला तेव्हाही नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तर ते दाखवूच नये. त्या मुलींची हिंमत सांगायची आणि त्यांच्याकडून किती काढून घेतलं तेही सांगायचं. इतिहास शिकवायचा तर दोन्ही बाजू हव्यात.

एका बाबतीत माझं शाळेतल्या काही मंडळींशी कधीच जमलं नाही. त्यांचं म्हणणं, की पी.टी.च्या तासातून उंच मुलं हेरावीत, त्यांचा संघ करावा आणि तालुक्याची ढाल आणावी. ढाल आली की शाळेचं नाव होतं, कार्यालयातल्या कपाटात ती दिसते. हे खोटं नाही, मला ढालीचा रागही नाही. संघाचा सराव शाळा सुटल्यावर व्हायचा, तो खुशाल व्हावा. पण तासाची पस्तीस मिनिटं बासष्ट जणांची आहेत, सहा जणांची नाहीत, एवढाच माझा हट्ट. गणिताच्या तासाला आपण फक्त हुशार सहा मुलांना पाटी देतो का? मग चेंडू का?

तिकडे मोठ्या खेळातही हेच वळण येत गेलं. १९९८ मध्ये 'लिबेरो' आला. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेला, फक्त मागे राहून बचाव करणारा खेळाडू. उंची कमी असलेल्यांनाही वरच्या दर्जाच्या खेळात जागा मिळाली, हे त्यातलं चांगलं. पण तो पुढच्या रांगेत फिरत नाही आणि त्याच्यामुळे उंच खेळाडूला मागे राबावं लागत नाही. म्हणजे फेरा कागदावर राहिला आणि प्रत्यक्षात थोडा मोडला. त्याच सुमारास गुणांची पद्धतही बदलली. पूर्वी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे, आता प्रत्येक रॅलीला गुण आणि डाव पंचवीसचा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तेच चालतं. टीव्हीच्या वेळेत सामना बसावा हे त्यामागचं एक मोठं कारण. जुन्या पद्धतीत चूक झाली तर कधी कधी नुसती सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. कच्च्या मुलांना ते फार मानवायचं. नव्या पद्धतीत चुकलात की लगेच पलीकडे गुण. म्हणून पाचवी-सहावीला मी निवृत्त होईपर्यंत जुनेच गुण ठेवले. पंच मीच होते, तक्रार कुणाकडे करणार? :-)

माझा नातू शहरातल्या शाळेत जातो. त्याच्या शाळेला मैदान आहे, जाळी आहे, नवे कोरे चेंडू आहेत, प्रशिक्षकही आहे. त्याला विचारलं, "तू कुठल्या घरात खेळतोस?" तर म्हणाला, "आजी, मी सिलेक्ट नाही झालो. मी स्कोअर लिहितो." वय वर्षं बारा. गुण लिहिणंही चांगलं काम आहे, त्याचं अक्षरही सुरेख आहे. पण चेंडू मनगटावर आदळल्यावर होणारी ती लाल चुणचुण त्याला माहीत नाही, याचं मला वाईट वाटलं.

पोट सुटलेल्या दुकानदारांसाठी काढलेला खेळ. त्यात कुणी निवडलं जावं असा विचारच नव्हता, येतील ते सगळे आत. नंतर गर्दी झाली म्हणून सहा ठरले, आणि सहांत दादागिरी होऊ नये म्हणून फेरा होताच. मोठ्या स्पर्धांनी हवं ते करावं, तो त्यांचा प्रश्न. पण पाचवी ते सातवीच्या तासाला मॉर्गनचं पहिलं पानच बरं. जितकी मुलं तितकी आत. दोरी बांधा, चिंध्या लटकवा, चेंडू कसलाही चालेल.

ज्या शिक्षक मित्रमैत्रिणींकडे अजून पी.टी.चे तास आहेत त्यांनी एक करून पाहावं. एका तासाला कडेला उभं राहून नुसतं मोजावं, की किती मुलांच्या हाताला चेंडू लागला. आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या आठवड्यात दोरी बांधून पुन्हा मोजावं. मी हे दरवर्षी जूनमध्ये करायची. पहिला आकडा कितीही लहान आला तरी घाबरायचं नाही, वर्ष अजून सगळं पुढे असतं.